बोनाफाइड नसलेले वर्ष

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत एक मथळा ठरलेला असतो : ‘यंदाही मुलींचीच बाजी’. खाली लेकीला पेढा भरवणाऱ्या आईवडिलांचे छायाचित्र. ते पाहून आपल्यालाही बरे वाटते, आणि वाटायलाच हवे. पाठोपाठ प्रवेशपरीक्षांचे निकाल लागतात. ज्यांना हवी ती जागा मिळते त्यांचे पुन्हा फोटो येतात. ज्यांना थोडे गुण कमी पडले त्यांचे पुढे काय झाले, हे मात्र कुठे छापून येत नाही. ते घरात ठरते, बहुधा रात्रीच्या जेवणानंतर. मुलगा असेल तर एक ठरते आणि मुलगी असेल तर दुसरे.

मुलगा असेल तर म्हणतात, “थोडक्यात हुकलं. एक वर्ष थांबू दे, पुन्हा देईल.” मुलगी असेल तर म्हणतात, “मिळतंय ते घेऊन टाक. वर्ष कशाला वाया घालवायचं?” वर्ष तेच, बारा महिन्यांचेच. मुलाच्या नावावर ते गुंतवणूक म्हणून मांडले जाते, मुलीच्या नावावर खर्च म्हणून. मुलींना शिकवावे की नाही, हा वाद आता आपल्याकडे उघडपणे फारसे कोणी घालत नाही. भेदभाव संपलेला नाही, तो एक पायरी वर सरकला आहे. पहिली संधी बहुतेक घरांत दोघांनाही मिळू लागली आहे. दुसरी कोणाला मिळते, हा आजचा प्रश्न आहे आणि स्त्रीसंघटनांनी तो आपला प्रश्न मानायला हवा असे मला वाटते.

दुसरी संधी ही चैन नव्हे

“खरी हुशार असेल ती पहिल्या फटक्यातच पास होईल,” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एक आकडा देते. तमिळनाडू सरकारने वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचे परिणाम तपासण्यासाठी न्यायमूर्ती ए. के. राजन यांची समिती नेमली होती. तिचा अहवाल २०२१ साली आला. २०१६-१७ मध्ये, त्या राज्यातले प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असताना, एमबीबीएसला जागा मिळालेल्यांपैकी ८७.५३ टक्के मुलेमुली त्याच वर्षी बारावी झालेली होती. नीट लागू झाल्यावर २०२०-२१ मध्ये हे प्रमाण २८.५८ टक्क्यांवर आले. म्हणजे शंभरातल्या एकाहत्तर जागा पुन्हा बसणाऱ्यांकडे गेल्या.

प्रत्येक राज्याचा आकडा वेगळा असेल. पण लातूरला क्लासांच्या पाट्या वाचत फिरले तरी ‘रिपीटर बॅच’ हे शब्द डोळ्यांत भरतात. जिथे बहुसंख्य जागा दुसऱ्यांदा बसणाऱ्यांना मिळतात, तिथे पहिला प्रयत्न हा सराव असतो आणि दुसरा प्रयत्न हीच खरी परीक्षा असते. जिला दुसऱ्यांदा बसू दिले नाही, तिला खऱ्या परीक्षेला बसूच दिले नाही असा याचा अर्थ. २०२४ साली नीटला सुमारे २३ लाख ३३ हजार उमेदवार बसले आणि त्यांत १३ लाखांहून अधिक मुली होत्या. मुली दारापर्यंत आल्या आहेत, मुलांपेक्षा जास्त संख्येने आल्या आहेत. दाराशी थांबून राहण्याची मुभा कोणाला आहे, एवढेच आता पाहायचे.

पुन्हा परीक्षा देण्यात काही कमीपणा आहे, असेही मनात धरू नये. २०१५ साली प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने अखिल भारतीय वैद्यकीय पूर्वपरीक्षा रद्द केली आणि सहा लाखांवर मुलामुलींना ती जुलैमध्ये पुन्हा द्यावी लागली. २०२४ मध्ये वाढीव गुण दिल्यावरून गोंधळ झाला आणि १५६३ जणांना २३ जूनला पुन्हा बसण्याची मुभा मिळाली. यंत्रणा चुकली की पुनर्परीक्षा हा न्याय ठरतो. मग पंधरा-वीस गुणांनी हुकलेल्या मुलीने पुन्हा बसायचे म्हटले, की तो हट्ट कसा ठरतो?

‘मुलींना बरं’ असलेले शिक्षण

वर्ष नाकारल्यावर मुलीपुढे जे ठेवले जाते त्याची यादी आपल्या सर्वांना पाठ आहे. नर्सिंग, फिजिओथेरपी, लॅब टेक्निशियन, ऑप्टोमेट्री. “मुलींना बरं असतं, रात्रपाळी नाही, संसार सांभाळून करता येतं.” (नर्सिंगला रात्रपाळी नसते हे ज्याला वाटते, त्याने एकदा सरकारी दवाखान्यात रात्र काढावी!) या यादीत दोन अन्याय आहेत. ज्या मुलीला डॉक्टर व्हायचे आहे तिच्यावर एक, आणि ज्या मुलीला हीच कामे मनापासून करायची आहेत तिच्यावर दुसरा. पहिल्याबद्दल आपण बोलतो. दुसरा आपल्या ध्यानातही येत नाही.

ऑप्टोमेट्रीचेच पाहू. चष्म्याचा नंबर काढणे एवढेच ते काम नाही. लहान मुलांचा तिरळेपणा आणि ‘आळशी डोळा’ वेळेत ओळखणे, अगदी कमी दिसणाऱ्यांना साधने देऊन वाचते-चालते करणे, काचबिंदूची वा मधुमेहाने पडद्याला झालेल्या इजेची शंका येताच डॉक्टरांकडे पाठवणे, हे सारे त्यात येते. आपल्या देशात पन्नाशीपुढच्या बायकांत अंधत्वाचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. आजोबांचा मोतीबिंदू आधी निघतो, आजी “मला काय वाचायचंय?” म्हणून चुलीपुढे चाचपडत राहते. शिवणकाम करणारी, तांदूळ निवडणारी, विड्या वळणारी बाई चाळिशी लागली तरी चष्मा मागत नाही. अशा बायकांपर्यंत पोचणारी, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारी तज्ज्ञ मुलगी गावोगावी हवी आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या कामाला रीतसर आरोग्यव्यवसायाचा दर्जाही दिला आहे.

चांगल्या संस्थांत या शिक्षणाच्या जागा मोजक्या असतात. दिल्लीच्या एम्समध्ये ऑप्टोमेट्रीच्या पदवीसाठी वेगळी प्रवेशपरीक्षा असते. चेन्नईला १९८५ साली सुरू झालेली एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री आहे. अशा ठिकाणी पहिल्या वेळी नंबर लागला नाही तर? डॉक्टरकीसाठी काही हौशी बाप मुलीलाही एक वर्ष देतात. ऑप्टोमेट्रीसाठी कोण देणार?

आमच्या केंद्रावर येणाऱ्या एका मुलीचे हेच झाले. आजीबरोबर नेत्रशिबिरांत जाऊन जाऊन तिच्या मनाने हे काम घेतले होते. प्रवेशपरीक्षेत ती थोडक्यात मागे राहिली. तिचा मोठा भाऊ तेव्हा लातूरला राहून नीटची दुसरी खेप करत होता, आणि त्याच्या खोलीभाड्याला, खानावळीला, क्लासला पैसे जात होते. हिने पुन्हा बसायचे म्हटल्यावर वडील म्हणाले, “तुझं काय अडलंय? नंबर काढायला कुठंही शिकता येतं. जवळच्या कॉलेजात घे प्रवेश.” आई काही बोलली नाही. मुलगी मला म्हणाली, “ताई, बाबा नाही म्हणालेच नाहीत. त्यांना हा प्रश्नच वाटला नाही.”

तिने गावातल्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातले आणि त्या आडून दुसऱ्या वेळेची तयारी केली. ती दुसऱ्यांदा बसलीसुद्धा. निकाल काय लागला ते मी मुद्दाम सांगत नाही. पास झाली म्हणून तिचा हक्क खरा, आणि नापास झाली असती तर खोटा, असे काही नसते. भावाला दुसरी संधी देताना कोणी त्याच्याकडून पास होण्याची हमी लिहून घेतली नव्हती.

पुन्हा बसायचे म्हणजे अख्खे वर्ष मोडायचे, हेही काही ब्रह्मदेवाने लिहून ठेवलेले नाही. अमेरिकेत ऑप्टोमेट्रीच्या शिक्षणासाठी ‘ओएटी’ नावाची प्रवेशपरीक्षा असते. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित आणि वाचन-आकलन असे तिचे विषय. ती ठरलेल्या केंद्रांवर संगणकावर होते आणि वर्षातल्या एकाच दिवसाला बांधलेली नसते. गुण कमी पडले तर नियमाने ठरलेले काही आठवडे थांबून पुन्हा बसता येते आणि त्याच हंगामात अर्जही करता येतो. तिथे या शाखेत शिकणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक मुली आहेत. तिथे सारे आलबेल आहे असे मुळीच नाही. परीक्षेची फी शेकडो डॉलर आहे आणि पुढच्या शिक्षणाचे कर्ज त्याहून भारी. पण दुसरी संधी तिथे काही महिन्यांची असते, आणि आपल्याकडे ती वर्षाची असते. मुलीच्या आयुष्यातली सर्वांत महाग वस्तू वर्ष हीच आहे.

कागदावर नसलेली मुलगी

वर्ष महाग का, ते नीट पाहू. बारावी झाली, पुढचा प्रवेश घेतला नाही, की मुलगी कोणाचीच विद्यार्थिनी राहत नाही. तिच्याकडे बोनाफाइड दाखला नसतो. वसतिगृहाचा अर्ज भरायचा तर बोनाफाइड हवा. शिष्यवृत्तीला हवा. एस.टी.च्या विद्यार्थी पासाला हवा. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून शाळा-कॉलेजला जाण्याचा एस.टी.चा पास मोफत मिळतो. बारावीनंतर तो संपतो. १७ मार्च २०२३ पासून सर्व बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले ही मोठी सोय आहे, पण रोज तालुक्याच्या अभ्यासिकेत जायचे तर अर्ध्या तिकिटाचेही महिन्याला शेकड्यांनी होतात. महाज्योतीच्या मोफत प्रशिक्षणासारख्या योजना दहावी होऊन अकरावीत गेलेल्यांसाठी आखलेल्या आहेत. पुढे प्रवेश मिळाला की तिथेही ‘मधले वर्ष काय केले’ याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, जणू काही गुन्हाच केला होता.

राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक दुर्बल व मागास गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ केले. हा निर्णय चांगलाच आहे. पण ही माफी प्रवेश मिळालेल्या मुलीला मिळते. दाराशी पोचायला जे वर्ष लागते, त्या वर्षाचा खर्च कोणत्याच योजनेत नाही.

कागदावर नसलेली मुलगी घरात मात्र पुरेपूर असते. “घरीच आहेस ना?” हे वाक्य तिला दिवसातून किती वेळा ऐकावे लागते ते तिलाच विचारा. पाहुणे आले, चहा ठेव. धाकट्याला शाळेतून आण. काकूची डिलिव्हरी आहे, आठ दिवस जाऊन ये. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. हा फरक परीक्षेच्या वर्षातही सुटत नाही. भावाचे ‘रिपीट’चे वर्ष लातूरला खोली घेऊन जाते, बहिणीचे स्वयंपाकघरात जाते. आणि मग पुन्हा हुकले की म्हणायचे, “बघ, वर्ष दिलं होतं तुला.”

वयाचाही हिशेब आहे. बारावी होता होता मुलगी अठराची होते. कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय अठरा आणि मुलाचे एकवीस. ते दोघांनाही एकवीस करण्याचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये आले होते, पण लोकसभा विसर्जित झाल्यावर २०२४ मध्ये ते बारगळले. कायदा बदलून प्रश्न सुटेल का, यावर आपल्या चळवळीतच मतभेद आहेत. पण एक गोष्ट उघड आहे : ज्या वर्षी मुलगी कॉलेजात नसते, त्याच वर्षी ती लग्नाला ‘मोकळी’ दिसू लागते. स्थळे येऊ लागतात. तिला हव्या असलेल्या वर्षावर दोघांचा डोळा असतो, तिच्या अभ्यासाचा आणि मध्यस्थाचा.

परीक्षेच्या दारातली झडती

पुन्हा बसायचे म्हणजे पुन्हा त्या दारातून आत जायचे. २०२२ साली केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या केंद्रावर धातूचे हूक आहेत म्हणून मुलींना ब्रा काढायला लावली गेली. तक्रारी झाल्या, पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला आणि त्या मुलींसाठी ४ सप्टेंबर २०२२ ला पुनर्परीक्षा ठेवावी लागली. २०२३ मध्ये सांगलीतल्या एका केंद्रावर कपडे उलटे करून घालायला लावल्याची तक्रार पालकांनी केली. कॉपी रोखायला हवी हे मान्य. पण अपमान होऊन तीन तास पेपर सोडवणाऱ्या मुलीचे जे गुण कमी झाले, ते कोणाच्या नावावर मांडायचे? मुलींच्या ‘अपयशा’ची चर्चा करताना या दाराचाही हिशेब धरला पाहिजे.

मग या शर्यतीत उतरायचेच कशाला?

काही मैत्रिणी म्हणतील, या परीक्षा मुळातच अन्यायाच्या आहेत. क्लासवाल्यांचे खिसे भरणाऱ्या, खेड्यातल्या आणि मराठी माध्यमातल्या मुलांना बाहेर ठेवणाऱ्या. त्यांत दोनदा बसण्याचा हक्क मागून आपण त्याच व्यवस्थेला बळ देत नाही का?

हा आक्षेप मला मोलाचा वाटतो. राजन समितीचे आकडे याच आक्षेपाच्या बाजूने बोलतात. पण परीक्षा बदलण्याची लढाई लांबची आहे, आणि या जूनमध्ये हुकलेली मुलगी या जूनमध्येच निर्णय घेते. परीक्षा चुकीची आहे म्हणून तिने घरी बसायचे आणि भावाने लातूरला जायचे, याला तत्त्वनिष्ठा म्हणता येणार नाही. दोन्ही लढाया बरोबरच लढाव्या लागतील.

दुसरीकडे, पुन्हा बसणे हे मुलीवर लादलेही जाऊ नये. आईवडिलांच्या हौसेसाठी तीन-तीन वर्षे एकाच खोलीत घालवणारी मुलेमुली आपण पाहतो, त्यांचे खचणेही पाहतो. नको वाटले तर तिला थांबता आले पाहिजे, दुसरी वाट धरता आली पाहिजे. हक्क म्हणजे निवड तिची.

आपण काय करू शकतो

स्त्रियांच्या हुकलेल्या शिक्षणाला दुसरी संधी देणे आपल्या परंपरेला नवे नाही. रमाबाई रानड्यांचे पुण्याचे सेवासदन १९०९ पासून प्रौढ बायकांना शिकवत होते. दुर्गाबाई देशमुखांच्या काळात केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ मध्ये, शाळा सुटलेल्या बायकांना थोड्या वर्षांत परीक्षेला बसवणारे संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. स्वतः दुर्गाबाईंनी बालविवाह मोडून, तुरुंगवास भोगून, मग वकिलीची पदवी घेतली होती. उशीर झालेल्या बाईला सरकारी पैशाने वेळ देता येतो, हे तेव्हा मान्य झाले होते. तेच आज नव्या रूपात मागायचे आहे.

पहिली मागणी वसतिगृहांची आणि अभ्यासिकांची. बारावीनंतर प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींसाठी शासकीय वसतिगृहांत काही जागा ठेवाव्यात, आणि बोनाफाइडऐवजी बारावीची गुणपत्रिका व परीक्षेच्या अर्जाची पावती ग्राह्य धरावी. एस.टी.चा मोफत पासही याच कागदांवर आणखी एक वर्ष चालावा.

दुसरी मागणी वर्षातून एकाहून अधिक वेळा परीक्षा घेण्याची. अभियांत्रिकीची ‘जेईई मेन’ २०१९ पासून वर्षात दोनदा होते. नीटही दोनदा घेण्याची घोषणा २०१८ च्या जुलैत झाली होती आणि पुढच्याच महिन्यात मागे घेतली गेली. जे अभियंत्यांसाठी जमते ते आरोग्यशिक्षणाच्या प्रवेशांसाठीही जमवता येईल. सहा महिन्यांनी पुन्हा बसता आले तर ‘वर्ष वाया’ हे हत्यारच घरच्यांच्या हातून निसटेल.

तिसरी मागणी झडतीचे नियम मुलींचा मान राखणारे करण्याची, आणि प्रत्येक केंद्रावर तक्रार ऐकून घेणारी जबाबदार स्त्री अधिकारी असण्याची.

आणि चौथे काम सरकारकडे मागायचे नाही, ते आपल्या गटांनीच करायचे आहे. निकालानंतर नव्हे, परीक्षेच्या आधीच घराघरांत हा प्रश्न विचारायचा : हुकले तर मुलाला किती वेळा बसू देणार, आणि मुलीला किती वेळा? महिला मंडळात, बचत गटात, पालकसभेत तो आयांसमोर मांडायचा. आई बहुधा गप्प असते, कारण तिच्याही वाट्याला एक हुकलेले वर्ष आलेले असते आणि ते कोणी मोजलेले नसते. तिला बोलते करणे आपल्याला जमते. बचत गटातून लग्नासाठी कर्ज निघते, म्हशीसाठी निघते. मग लेकीच्या एका वर्षासाठीही निघू दे.

तुमच्या भागात गेल्या निकालानंतर किती मुली पुन्हा बसल्या, किती बसू शकल्या नाहीत, आणि त्यांच्या भावांचे काय झाले, हे गटागटाने विचारून लिहून पाठवा. अशा वर्षांची नोंद कोणत्याही सरकारी रजिस्टरात नाही, म्हणून ती आपणच करायला हवी. पुढचे निवेदन ती नोंद हातात घेऊन देऊ.